अंतर्मनाची किल्ली कोणाकडे?

सदर: मन मोकळं



गेल्या वर्षी या सदरात झोपेविषयी लिहिलं होतं. त्यानंतर मंडळाच्या संक्रांतीला, पाडव्याला आणि गणपतीत मिळून निदान पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "ताई, ते संमोहन खरं असतं का हो?" एकीला लेकीच्या परीक्षेच्या भीतीवर इलाज हवा होता. एका काकांना सिगारेट सोडायची होती. आणि आयटीतला एक तरुण तर दोन शनिवार-रविवारचा कोर्स करून, सर्टिफिकेट घेऊन लोकांवर उपचार सुरू करायच्या तयारीत होता. "अंतर्मनाची पॉवर अनलॉक करायची," असं तो अगदी भारावून सांगत होता.

मी व्यवसायानं समुपदेशक. पुस्तकातलं उत्तर मला देता आलं असतं. पण ऐकीव सांगण्यापेक्षा आपणच जाऊन बघावं म्हणून मार्चमध्ये तशाच एका प्रशिक्षणाला नाव घातलं. इथलंच शॉमबर्गचं, वुडफील्ड मॉलजवळचं हॉटेल, कोपऱ्यात कॉफीचा थर्मास आणि आम्ही बावीस जण. शिकवणारे गृहस्थ बोलायला गोड होते. आवाज सावकाश कसा ठेवायचा, समोरच्याच्या श्वासाच्या लयीत कसं बोलायचं, हे त्यांनी छान शिकवलं. पण मधूनमधून अंतर्मनाबद्दल ते जी विधानं करत होते ती ऐकून माझं पेन थांबत होतं. "अंतर्मन काहीच विसरत नाही." "अंतर्मनाला 'नाही' हा शब्द कळत नाही." "अंतर्मन तुमच्यापेक्षा शहाणं असतं, ते कधी खोटं बोलत नाही." बाकी सगळे ही वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेत होते.

आज त्याच वाक्यांबद्दल बोलू. आणि इतकं सगळं ठाऊक असूनही त्या खोलीत माझी स्वतःची कशी फसगत झाली, तेही सांगते. मुलांनो, मराठी भरभर वाचता येत नसेल तर आईबाबांना मोठ्यानं वाचायला सांगा. त्यांनाही जरा सराव होईल!

पणजीचा पुतळा

गोव्याच्या ट्रिपमध्ये पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारचा एक पुतळा तुम्ही पाहिला असेल. लांब झग्यातला एक धर्मगुरू दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री मागे कलंडते आहे. बरेच पर्यटक त्याच्यासमोर तसेच हात करून फोटो काढतात. हा आबे फारिया. पुतळा घडवला रामचंद्र पांडुरंग कामत यांनी आणि तो तिथे १९४५ मध्ये बसवला गेला.

फारियाचा जन्म १७५६ साली बार्देशातल्या कांदोळीचा. पंधराव्या वर्षी वडिलांबरोबर तो लिस्बनला गेला, रोममध्ये शिकला, पुढे पॅरिसला पोचला. त्या काळी पॅरिसमध्ये मेस्मरच्या 'प्राणिज चुंबकत्वा'ची मोठी हवा होती. उपचार करणाऱ्याच्या अंगातून एक अदृश्य द्रव वाहतो आणि तो रोग्याला बरा करतो, अशी कल्पना. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजानं त्याची चौकशी करायला समिती नेमली. तिच्यात आपल्या शंभर डॉलरच्या नोटेवरचे बेंजामिन फ्रँकलिनही होते. समितीनं सांगितलं, द्रव वगैरे काही नाही, हा कल्पनाशक्तीचा परिणाम आहे. एवढं बोलून समितीनं विषय मिटवला.

आपल्या गोंयकारानं मात्र तिथूनच पुढे विचार केला. १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर व्याख्यानं देताना तो म्हणू लागला की ताकद माझ्या हातात नाही, माझ्या नजरेत नाही. जे घडतं ते समोर बसलेल्याच्या मनात घडतं, त्याच्याच एकाग्रतेनं आणि कल्पनेनं. लोकांना ते पटलं नाही. पॅरिसच्या रंगभूमीवर त्याची टिंगल करणारं नाटकही लागलं. १८१९ मध्ये, त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, तो गेला. त्याचं सगळंच बरोबर होतं असं नाही. कोण चटकन संमोहित होतं याचं कारण तो रक्ताच्या पातळपणात शोधत होता. पण मुख्य गोष्ट त्यानं दोनशे वर्षांपूर्वी अचूक ओळखली.

आता पुन्हा तो पुतळा आठवा. पाहणाऱ्याला काय वाटतं? सगळी जादू त्या पसरलेल्या हातांत आहे. फारियानं जे आयुष्यभर नाकारलं, नेमकं तेच त्याच्या स्मारकात लोकांना दिसतं. गैरसमज किती चिवट असतात बघा!

फारियाबद्दल गोव्यात एक आख्यायिका सांगतात. लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायची वेळ आली. समोर सगळे उमराव. तरुण फारियाची वाचाच बसली. तेव्हा मागे उभ्या असलेल्या वडिलांनी कोकणीत पुटपुटलं, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" म्हणजे समोर बसलीय ती सगळी भाजी आहे, खुशाल चिरत सुट. आणि पोरगं बोलायला लागलं. घडलं असो वा नसो, संमोहनातली 'सूचना' म्हणजे काय हे यापेक्षा सोपं करून मला सांगता येणार नाही. डोळे मिटायला लागले नाहीत, लंबक हलवावा लागला नाही. विश्वासाच्या माणसाचा योग्य वेळी आलेला एक शब्द, आणि तो शब्द धरून ठेवणारं स्वतःचं मन.

गैरसमज पहिला: संमोहन म्हणजे झोप, आणि आपला ताबा दुसऱ्याकडे

हा घोटाळा नावातच आहे. 'हिप्नोसिस' हा शब्द झोपेच्या ग्रीक देवावरून आला. तो रूढ करणारा मँचेस्टरचा डॉक्टर जेम्स ब्रेड यालाच काही वर्षांत कळलं की ही झोप नव्हे, तर एकाच कल्पनेवर खिळलेलं लक्ष आहे. त्यानं १८४७ मध्ये नाव बदलायचा प्रयत्न केला, पण पहिलं नाव चिकटलं ते चिकटलंच.

संमोहित माणूस जागा असतो. ऐकतो, नको ते नाकारतो, वाटलं तर उठून जातो. शिवाय ही क्षमता करणाऱ्यापेक्षा करून घेणाऱ्याची जास्त असते. १९५९ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात ती मोजायच्या पट्ट्या तयार झाल्या. ढोबळमानानं दहांतला एखादा पटकन आणि खोलवर संमोहित होतो, एखादा जवळजवळ होतच नाही, बाकीचे आपण मधले. त्याच लोकांना पंचवीस वर्षांनी पुन्हा तपासलं तरी त्यांचे गुण फारसे बदललेले नव्हते. त्यामुळे उद्या कोणी म्हणालं, "मी कोणालाही संमोहित करतो," तर हसून नमस्कार करा आणि पुढे चला.

गैरसमज दुसरा: अंतर्मन म्हणजे आत बसलेलं कोणीतरी शहाणं

हा गैरसमज आपल्या दोन पिढ्यांत दोन रूपांनी दिसतो. आपल्या, म्हणजे इकडे येऊन केस पांढरे झालेल्यांच्या, कानाला 'अंतर्मन' हा शब्द 'अंतरात्मा'च्या शेजारचा वाटतो. आतलं ते पवित्र, आतलं ते खरं. मग ते सांगेल ते प्रमाण. आपल्या मुलांना मात्र ते हार्ड ड्राइव्हसारखं वाटतं. आत सगळं साठवलेलं आहे, पासवर्ड मिळाला की झालं. एकाला आत देव दिसतो, दुसऱ्याला मशीन. दोघांनाही वाटतं की तिथे जायला किल्लीवाला लागतो.

अबोध मन नाहीच, असं मी म्हणत नाही. ते आहे आणि त्याचं काम थक्क करणारं आहे. एक गंमत करून बघा. टेबल 'ते', खुर्ची 'ती', पंखा 'तो', हे तुम्हाला कोणी शिकवलं? कोणीच नाही. नियम विचारला तर सांगता येणार नाही, पण लेकीनं 'तो खुर्ची' म्हटलं की कानात खडा पडल्यासारखं होतं. हे अबोध मनाचं काम. हिगिन्स रोडवरून रोजच्या वाटेनं घरी पोचता आणि मधले सिग्नल आठवतही नाहीत, हेही तेच. आपलं मन पुष्कळ कामं आपल्याला न कळवता करतं. पण काम चालू आहे म्हणून आत कोणी कामगार किंवा साधू बसलेला आहे असं नव्हे. पोट अन्न पचवतं म्हणून पोटाला आपण सल्ला विचारत नाही.

या शहाण्या अंतर्मनाच्या कल्पनेला प्रशिक्षणाच्या जगात मोठा आधार मिळाला तो मिल्टन एरिक्सन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञामुळे. माणूस विलक्षण होता. वयाच्या सतराव्या वर्षी पोलिओ झाला, तरी पुढे हजारो रोग्यांना त्यानं मदत केली. अबोध मनाला तो साठ्यासारखं, मदतनिसासारखं वागवायचा आणि रोग्याशी तसं बोलायचा. उपचारात बोलायची रीत म्हणून ते छानच आहे. पण रीत म्हणून वापरलेली प्रतिमा पुढच्या विद्यार्थ्यांनी शरीरशास्त्र म्हणून पाठ केली, तिथे घोळ झाला. 'आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो' हेही त्याच दुकानातलं. आपण सगळा मेंदू वापरतो. झोपेतसुद्धा तो कामात असतो.

गैरसमज तिसरा: अंतर्मनाला 'नाही' कळत नाही

हे वाक्य आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही फिरत असतं. पण त्याच स्टॅनफर्डच्या चाचण्यांत "तुमचा हात उचलता येणार नाही", "तुम्हाला वास येणार नाही" अशा सूचना आहेत. चांगल्या संमोहित होणाऱ्यांच्या नाकाखाली अमोनिया धरला तरी त्यांना वास जाणवत नाही. म्हणजे 'नाही' व्यवस्थित कळतं!

मग हा समज आला कुठून? त्यात एक साधा अनुभव दडलेला आहे. भरलेला पेला घेऊन येणाऱ्या मुलाला "सांडू नकोस हं" म्हटलं की सांडतं आणि "दोन्ही हातांनी धर" म्हटलं की जमतं. कारण पहिल्या वाक्यात काय टाळायचं ते आहे, काय करायचं ते नाही. परीक्षेला निघालेल्या मुलीला "टेन्शन घेऊ नकोस" याऐवजी "पहिला प्रश्न दोनदा वाच" म्हणा. त्यासाठी अंतर्मनाचा सिद्धान्त लागत नाही, आईची अक्कल पुरते.

गैरसमज चौथा: अंतर्मन काहीच विसरत नाही

हा सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत घातक. आता माझी गोष्ट.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी जोड्या करून सराव होता. माझ्या जोडीदारणीनं विचारलं, "कोणती आठवण पुन्हा बघायला आवडेल?" मी म्हटलं, "डिसेंबर १९९१. मी पहिल्यांदा अमेरिकेला निघाले तो दिवस." बाबांना मी त्यानंतर फार थोड्या वेळा भेटले. ते गेले तेव्हा मला वेळेवर पोचता आलं नाही. इथल्या किती जणांची हीच कथा आहे, वेगळं सांगायला नको.

डोळे मिटले, आवाज लांब गेला आणि मला सहार विमानतळ दिसला. लोखंडी कठड्यापलीकडे गर्दी आणि गर्दीत बाबा. अंगात राखाडी स्वेटर. हात वर केलेला, डोळे भरलेले. इतकं स्पष्ट की स्वेटरची वीण दिसत होती. मी हमसून रडले. खोलीतल्या सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या. घरी आले ती अगदी हलकी होऊन. तीस-बत्तीस वर्षं हरवलेलं काहीतरी हाताला लागलं होतं.

दोन दिवसांनी डोंबिवलीला दादाला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अगं, बाबा विमानतळावर आले कुठे होते? गुडघा सुजला होता त्यांचा. मॅटॅडोरमध्ये आम्ही सात जण होतो, ते घरीच थांबले. आणि मुंबईत स्वेटर कोण घालतं? तो राखाडी स्वेटर तूच पाठवलास ना नंतर, शिकागोहून."

तो स्वेटर घातलेला बाबांचा फोटो माझ्या कपाटावर आहे. रोज दिसतो.

माझ्या मनानं त्या फोटोतले बाबा उचलले, नंतरच्या खेपांमधला कठडा उचलला, मला हवा होता तो निरोप शिवला आणि 'आठवण' म्हणून माझ्या हातात ठेवला. खोटेपणा त्यात कुणाचाच नव्हता. स्मरणशक्ती चालतेच तशी. ती टेप वाजवत नाही. दर वेळी जुळणी नव्यानं करते. संमोहनात कल्पना जास्त ठळक होते, शंका घेणारं मन जरा बाजूला बसतं, आणि समोर आलेल्या चित्रावर विश्वास मात्र दुप्पट बसतो.

माझ्या बाबतीत नुकसान काही झालं नाही. सगळ्यांचं तसं होत नाही. आपल्या शिकागोतच एका मोठ्या हॉस्पिटलात १९८०च्या दशकाच्या अखेरीस आयोवाहून आलेल्या एका आईवर उपचार झाले. औषधं आणि संमोहन यांच्या उपचारांतून आपल्या मनात भयानक खोट्या आठवणी रुजवल्या गेल्या, असा तिचा दावा होता: ती सैतानपूजकांच्या टोळीत होती, तिनं माणसं मारली, पोटच्या पोरांचा छळ केला. तिच्या दोन लहानग्या मुलांनाही त्या हॉस्पिटलात ठेवलं गेलं. पुढे तिनं खटला भरला आणि १९९७ मध्ये १ कोटी ६ लाख डॉलरवर तडजोड झाली. त्या मुलांचं बालपण काही परत आलं नाही.

शिकागोतच मुख्यालय असलेल्या अमेरिकन मेडिकल असोसिएशननं १९८५ मध्येच सांगितलं होतं की संमोहनातून मिळालेल्या आठवणी जास्त अचूक नसतात, उलट साध्या आठवणींपेक्षा कमी भरवशाच्या वाटतात. आणि १९८९ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं संमोहनानं 'ताज्या' केलेल्या साक्षीदाराच्या आठवणींवरची साक्ष ग्राह्य मानायला नकार दिला. ज्या गोष्टीवर आपलं कोर्ट विश्वास ठेवत नाही, त्या गोष्टीवरून कोणी आई-वडिलांशी, नवऱ्याशी, भावाशी संबंध तोडू नयेत. मागच्या जन्मात नेऊन आणणाऱ्यांबद्दल तर काही बोलायलाच नको.

मग संमोहन टाकाऊ का?

मुळीच नाही. १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं बोलावलेल्या तज्ज्ञगटानं कर्करोगाच्या वेदना कमी करण्यासाठी संमोहनाचा उपयोग होतो, याला भक्कम पुरावा असल्याचं म्हटलं. आतड्याच्या त्रासावर, ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात, मँचेस्टरमध्ये १९८४ पासून संमोहनाचा उपयोग अभ्यासला गेला आहे, आणि आज अनेक पोटविकारतज्ज्ञ तो सुचवतात. शस्त्रक्रियेआधीची भीती, दाताच्या डॉक्टरची भीती, इथेही मदत होते. सिगारेटवाल्या काकांसाठी मात्र खरं सांगते: पुरावा तेवढा पक्का नाही. आधी डॉक्टरांना विचारा, पॅच आणि औषधं बघा. सोबत संमोहन करायचं तर जरूर करा.

कोणाकडे जावं? सोपा नियम: ज्या तक्रारीवर तो माणूस संमोहनाशिवायही उपचार करू शकतो, त्याच तक्रारीसाठी त्याच्याकडे जा. दातांसाठी दंतवैद्य, नैराश्यासाठी मानसतज्ज्ञ. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत 'हिप्नोटिस्ट' म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही, म्हणून भिंतीवरचं सर्टिफिकेट कशाचं आहे ते नीट वाचा. एरिक्सननं १९५७ मध्ये स्थापन केलेली अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल हिप्नोसिस परवानाधारक आरोग्य व्यावसायिकांनाच शिकवते. गंमत म्हणजे तिचं कार्यालय बरीच वर्षं आपल्या शेजारच्या ब्लूमिंगडेलमध्येच होतं! आणि कोणी पहिल्याच भेटीत "तुमच्या लहानपणी काहीतरी दडलंय, आपण ते बाहेर काढू" म्हणालं, तर पर्स उचला आणि घरी या.

त्या आयटीवाल्या मित्राला मी हे सगळं सांगितलं. तो जरा हिरमुसला. म्हणाला, "म्हणजे अनलॉक करायला काहीच नाही?" मी म्हटलं, "कुलूपच नाही रे बाबा. आणि असलंच तर किल्ली ज्याची त्याच्याच खिशात आहे. फारिया हेच सांगत होता."

राहता राहिली माझी आठवण. दादाला मी विचारलं, "मग बाबा खरं काय करत होते त्या दिवशी?" तो म्हणाला, "काही नाही. फाटकापर्यंत लंगडत आले. बोलले काहीच नाहीत. मॅटॅडोरचं दार नीट लागलंय ना, ते दोनदा ओढून बघितलं."

मला ते आजही आठवत नाही. कितीही डोळे मिटले तरी दिसणार नाही. पण दादाला आठवतं, आणि ते माझ्यापर्यंत आलं ते एका फोनमुळे. या दिवाळीत फराळाचं ताट बाजूला ठेवून असा एक फोन तुम्हीही करा. ज्यांना आठवतंय ती माणसं अजून आहेत तोवर.

शुभ दीपावली!